शोध लावला, शोध लागला

कोशाच्या कार्यालयातून पत्र आलं :
वैरागडे, डॉ. विश्वंभर. खंड सातवा.
शब्द तीनशे, पंधरा जूनपर्यंत. विशेषणं टाळावीत.

विशेषणं टाळली.
तरी पहिल्याच वाक्यात अडलो, क्रियापदापाशी.
हलक्या मँगनीजमधून फॉस्फरस वेगळा काढायची रीत
यांनी शोधली, असं सगळे लिहितात.
सगळ्यांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं.

धंतोलीत गेलो. मुलगा आता स्वतःच सत्तरीचा.
त्यानं फाइल पुढे केली : एक्केचाळीस कात्रणं,
प्रत्येकावर तारीख, सुवाच्य.
म्हणाला, बाबांनी कुणाचं पाच पैशांचं ठेवलं नाही.
खोटं बोलत नव्हता.
मीही माझ्या बापाबद्दल हेच म्हटलं असतं.

वही मात्र कॉलेजच्या माळ्यावर निघाली,
एका गंजक्या कूलरखाली, पानांना जुन्या वाळ्याचा वास.
चौदा मे. अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं,
वैरागड्यांचं नव्हे :
‘रात्री दिवे गेले. बशी खिडकीत राहिली.
सकाळी पुन्हा तपासलं. फॉस्फरस निम्म्यावर.’
आणि खाली, लाल शाईत, त्यांच्या हातचा एकच शब्द :
‘का?’

त्या पानाशी मी तीन दिवस बसलो.
बशी विसरणं हा शोध?
की सकाळी ती फेकून न देणं?
की ‘का’?
आणि मेमधल्या नागपूरचं काय,
रात्री अकरालाही तापलेल्या त्या खिडकीच्या दगडाचं,
ज्यानं फुकटात भट्टी चालवली?
त्याला कुठल्या खंडात घालू?

इंदोऱ्यात, विहारामागच्या गल्लीत
कौसल्याबाई खोब्रागडे चिंचा फोडत होत्या.
लॅब असिस्टंट, तेव्हाचा पगार एकशे दहा.
हात पुसून त्यांनी वही घेतली, आधी वास घेतला, मग वाचलं.
‘का त्याईनंच लिवलं,’ म्हणाल्या, ‘थे खरं हाय.
मले वाटलं चूक झाली, आता बोलनी बसन.
सरानं बोलनी नाही देल्ली, सवाल देल्ला.
मंग पुढची नऊ पानं पाहा न. थे कोनाच्या अक्षरात हाये?’
एक चिंचोका बाजूला पडला.
‘पेपरात माहं नाव नव्हतं. सत्काराले मी चहा वाटला.
हेबी लिवा.
पन रागानं नोका लिवू.’

घरी येऊन ‘शोध लागला’ लिहून पाहिलं.
लागला : जशी ठेच लागते, उचकी लागते, डोळा लागतो,
कुणीच काही केलेलं नसतं.
इतकं निष्पक्ष वाक्य
की त्यात दोघंही उरत नाहीत.
खोडलं.
‘यांच्या मदतीने’ लिहिलं. त्यात कपबश्या वाजल्या.
तेही खोडलं.

शेवटी असं :
‘मे १९६३ मध्ये कौसल्या खोब्रागडे यांना हा बदल
प्रथम दिसला व त्यांनी तो नोंदवला.
वैरागडे यांनी त्याचे कारण विचारले.
पुढील प्रयोगांच्या नोंदी खोब्रागडे यांच्या अक्षरात आहेत;
प्रसिद्ध निबंधावर नाव एकट्या वैरागडे यांचे.’
राग नाही.
चहाही नाही. शब्द संपले होते,
असं मी स्वतःला सांगितलं.

त्यांच्यासाठी वेगळी नोंद मागितली, तर
‘ख’चा खंड अकरा वर्षांपूर्वीच छापून झालेला.
काढून पाहिला. ‘खोपोली’ संपते तिथंच ‘खोरे’ सुरू,
मधे बोट शिरत नाही.
तरी माझ्या मजकुराखाली लिहिलं :
पाहा – खोब्रागडे, कौसल्या.
आणि पाकीट बंद केलं.

आठवड्यानं फोन आला.
‘दुसऱ्या खंडात अशी नोंदच नाही हो.’
म्हटलं, माहीत आहे.
पलीकडे बराच वेळ
नुसता पंखा ऐकू येत राहिला.