वितळ

बेतूलच्या बर्फाच्या कारखान्यात मी नोंदी ठेवतो.
तीन रकाने: आवक, जावक, वितळ.
मे महिन्यातल्या त्या वादळात
साळ नदीकाठचे खांब एकामागून एक आडवे झाले,
कॉम्प्रेसर थांबला, तेव्हा कळलं
इतकी वर्षं आपण त्या घरघरीतच झोपत होतो.

पहिल्या दिवशी वितळ: अकरा लाद्या.
दुसऱ्या दिवशी मोजणं सोडलं.
रस्ता पाण्याखाली, मडगावचा टेम्पो नाही,
दुकानात तांदूळ चार दिवसांचे
आणि धक्क्यावर तीन होड्या भरून बांगडे,
डोळे अजून चकचकीत.
संध्याकाळपर्यंत तसे राहिले नसते.

पिएदाद आली ती सुरी घेऊनच.
कारखाना झाल्यापासून तिचं खारं फारसं कोणी घेत नव्हतं.
वास येतो म्हणून पंचायतीत अर्ज गेला होता,
अर्ज माझ्या अक्षरात.
त्याबद्दल ती काही बोलली नाही.
म्हणाली, "पाठीकडून चीर रे, पोटाकडून नव्हे.
वहीसारखा उघडायला हवा, तुला जमेल.
कल्ले काढ. काळी शीर नखाने खरवड.
धुवायचं ते दर्याच्या पाण्यात.
गोडं पाणी लागलं की संपलं."

मीठ कुठून आणायचं, मी विचारलं.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मागच्या खोलीत सतरा पोती होती,
हौदासाठी, बर्फ गोठवायच्या.
बर्फाच्या पोटात मीठच असतं
हे रोज लिहिणारा मी, विसरलो होतो.
"हौदातलं पाणी नको, त्यात औषध आहे,"
एवढंच माझं शहाणपण त्या नऊ दिवसांतलं.

निळ्या पिंपांत थरावर थर, वर जांभा दगड.
सकाळी मासे आपल्याच पाण्यात बुडालेले.
"बर्फ थोपवून धरतो," ती म्हणाली,
"मीठ आतलं काढून घेतं. दुखतं ते."

मग पत्र्यांवर, जाळ्यांवर, चर्चच्या आवारात वाळवण.
रुझारचा मिंगेल गलोल घेऊन कावळ्यांच्या मागे.
पाचव्या दिवशी आभाळ भरलं, तेव्हा
सोडणांचा धूर केला सुंगटांखाली,
डोळे चुरचुरत, खोकत, आळीपाळीने.
एका पिंपात अळ्या निघाल्या.
ते नदीत ओतलं, आणि त्या रात्री पिएदाद जेवली नाही.

पेजेबरोबर बोटभर तुकडा, निखाऱ्यावर भाजलेला.
पेज रोज पातळ होत गेली.
पण भरतीने विहिरी खाराव्या झाल्या होत्या,
आणि खारं खाल्लं की तहान
अख्ख्या वाड्यावर एकदम उठायची,
पोरं रडायची. वादळाने पाडलेल्या माडांची
शहाळी फोडली, मोजून, घराला दोन.

नवव्या दिवशी दिवे आले.
कॉम्प्रेसर खाकरला, धरला.
चाळीस किलोचे चौदा किलो झाले होते,
हातात धरले की खडखडत होते बांगडे, लाकडासारखे.
मी वही उघडली. हे कुठल्या रकान्यात?
शेवटी "वितळ"खाली लिहिलं: सव्वीस किलो, पाणी.
सही केली, हात न धुता.

अर्ज पंचायतीच्या फायलीत असेलच अजून.
तपासनीस येतो दरवर्षी, पानं चाळतो,
त्या पानाशी त्याचं बोट अडतं.
हवा दमट झाली की
वहीतलं ते एकच पान ओलं होतं.