लॉट एकतीस

रविवारी रात्री नऊला लिलाव बंद होतो.
म्हणजे व्हायला हवा.
शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली
तर घड्याळ आणखी पाच मिनिटं पुढे सरकतं.
नियम माझाच. टपून बसणाऱ्यांचा मला राग येतो.

थंडर बेमधलं तळघर. बाहेर उणे अठ्ठावीस.
भट्टी घरघरते, मी मोज्यांवर मोजे घालते
आणि चाळीस कार्डं, कोपरे भिंगाखाली तपासून,
कपडे घडी करायच्या टेबलावर मांडते.
सगळे हॉकीपटू.
बहुतेकांना आता त्यांच्या गावातही कुणी ओळखत नसेल.
वर्णनात मी खोटं लिहीत नाही:
'डावा कोपरा मऊ. मधोमध घडी. मागे च्युइंगगमचा डाग.'
तेहतीस वर्षं टपालात काढली.
वस्तू जशी आहे तशी पोचवायची, एवढंच शिकले.

लॉट एकतीस.
मिरोन हावरिलिअक, गोलरक्षक.
पावाच्या पाकिटातून निघालेलं कार्ड, साल एकसष्ट.
कागद गिरणीच्या संघाकडून एकच हंगाम.
चेहऱ्यावर मुखवटा नाही, तेव्हा घालत नसत;
भुवईवर टाके, आणि हसू असं
की फोटो काढणारा काहीतरी आगाऊ बोलला असावा.
सुरुवात एक डॉलर. अपेक्षा, चार.

साडेआठला अकरा.
नऊला चौपन्न.
दोघंच उरले: 'निळीरेषा७' आणि 'मासेवाला'.

जगाला टोपणनावं दिसतात, मला पत्ते.
ओरेस्ट हावरिलिअक, ड्रायडन.
झेनॉन हावरिलिअक, कापुस्केसिंग.
चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

करावा का फोन एखाद्याला?
सांगावं, अहो, समोर तुमचाच—
पण लिलाववाल्या बाईनं तोंड उघडलं
की लिलाव संपला.
तोही नियम माझाच, आणि त्या रात्री पहिल्यांदा बोचला.

प्रत्येक बोली चौथं मिनिट सरता सरता,
जणू मधल्या वेळात उठून खोलीभर फिरून येत होते.
अकराला ऐंशीच्या आसपास.
बाकीचे एकोणचाळीस लॉट कधीच निजले.
मी कॉफी केली, वाटाण्याचं सूप गरम केलं,
मग नुसतीच बसले
दोन माणसांच्या मध्ये,
जिथं कित्येक वर्षांत कुणी बसलं नसेल.
अबोला किती जुना, कशावरून, मला काय ठाऊक.
बोली मात्र चालू होती:
एक डॉलर,
मग त्यावर एक डॉलर.
एकानंही दहाची उडी मारली नाही.
गाठीला पैसे कमी म्हणून?
की लवकर संपू नये म्हणून?
खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरायला लागला होता.

दोन चाळीसला एकशे सत्तावीस. मासेवाला.
पाच मिनिटं.
तीन.
कुणीही जिंकलं तरी मला तेवढंच कमिशन,
तरी श्वास धरला.
निळ्या रेषेकडून काही आलं नाही.

सकाळी दोन निरोप.
झेनॉनचे पैसे; शब्द एकही नाही.
आणि हरलेल्या ओरेस्टचा:
'आइरीबाई, कार्ड आधी मऊ पाकिटात घाला, मग कडक.
चिकटपट्टी प्लास्टिकला लागू देऊ नका.
दोन्हीकडून पुठ्ठा लावा.
तो घाईत फाडतो. सगळंच.'

मी एकेका बाजूला दोन पुठ्ठे लावले.
चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवलं, थंडीतल्या बोटांना सापडेल असं.
पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना पेन जरा रेंगाळलं,
ड्रायडनचा पोस्टकोड हाताला अजून पाठ आहे.
मग माझाच लिहिला.

टपालपेटीपर्यंत चालत गेले, पायाखाली बर्फ करकरत होता.
परत येऊन ओरेस्टला कळवलं:
'चार लावले.'