तुझ्याजवळ काही नाही

प्रद्युम्न गायधनीचे मामा मस्कतहून आले
तेव्हा बॅगेत खजूर होते, एक इस्त्री होती
आणि टॉवेलात गुंडाळलेला, रबरी बटणांचा
वहीएवढा कॉम्प्युटर.

टीव्हीला जोडायचा. शेजारी टेपरेकॉर्डर.
कॅसेट लावली की पाच-सहा मिनिटं किंचाळायची,
गिरणीचा पट्टा घसरावा तशी,
आणि काकू आतून, बंद करा रे ते, बाळ झोपलंय.
आम्ही श्वास धरून.
मध्येच नाशिकरोडची लाइट गेली
तर पुन्हा पहिल्यापासून.

मग काळ्या पडद्यावर अक्षरं.
चित्र एकही नाही.
तू एका गुहेच्या तोंडाशी उभा आहेस.
उत्तरेला अंधार आहे.
हे सगळं इंग्रजीत, आणि आमचं इंग्रजी
पाचवीत सुरू झालेलं,
म्हणून संजीवन पगारे मांडीवर डिक्शनरी घेऊन बसायचा.
गेमला एका वेळी दोनच शब्द कळत.
उघड दार. घे दोरी. मार राक्षस.
प्लीज म्हटलं की म्हणायचा, मला समजलं नाही.

मला बटणांना हात लावू द्यायचे नाहीत.
मी नकाशा काढायचे, आलेखाच्या वहीत,
एक चौकोन म्हणजे एक दालन.
एक वाट उत्तरेला जायची आणि पूर्वेला निघायची,
तिच्यापायी मी चार पानं फाडली.
पांडवलेण्यांच्या सहलीत बाईंना विचारलं,
ह्या लेण्यातून त्या लेण्यात आतून जाता येतं का?
बाई म्हणाल्या, रांगेत चल.

खजिना सापडला होता. सोन्याचं ताट,
माणकांचा हार, नाण्यांची गोणी.
उचलता येतंय म्हणून सगळं उचललं.
घरी नेणारा पूल पाय ठेवला की मोडायचा.
तू फार ओझं घेतलं आहेस.
टाक दोरी. टाक ताट. तरी मोडायचा.
कंदील विझवून टाकला तर
अंधारात काहीतरी येऊन खाऊन जायचं.
अल्ताफ म्हणाला, पुलालाच विचारून बघू.
अशी वाक्यं फक्त अल्ताफ बोलायचा.

संध्याकाळी प्रेसचा भोंगा, मग बाबा.
दिवसभर नोटा मोजलेले हात.
शाईचा वास न गेलेल्या, अजून कुणाच्याच न झालेल्या नोटा.
गेटवर झडती. खिसे, चपला,
डब्याचे तिन्ही कप्पे उघडून.
डब्यात आमटीचा वास, बाकी काही नाही.
एकदा विचारलं, बाबा, एका दिवसात किती?
म्हणाले, मोजतो. बेरीज करत नाही.
आणि सायकलची किल्ली खिळ्याला लावली.

एका रविवारी प्रद्युम्नचं बोट दारात सापडलं,
त्याला टाके घालायला नेलं
आणि खुर्ची माझ्याकडे आली.
मी एका बोटाने अक्षरं शोधत
सगळं खाली ठेवलं. ताट. हार. गोणी. दोरी. तलवार.
संजीवन ओरडत होता, वेडी झालीस का.
कंदील पेटताच ठेवला, पुलाच्या तोंडाशी.
पूल करकरला.

पुढचं चौघांना चार तऱ्हांनी आठवतं.
परवा गंगापूर रोडच्या लॉन्सवर,
प्रद्युम्नच्या मुलीच्या लग्नात, आइस्क्रीम वितळेपर्यंत भांडलो.
संजीवन म्हणतो लाइट गेली.
अल्ताफ म्हणतो पलीकडेही तीच गुहा, तेच तोंड.
प्रद्युम्न म्हणतो बाग होती, कारंजं होतं, अभिनंदन लिहून आलं.
तू दवाखान्यात होतास, मी म्हटलं.
तरी होतं, तो म्हणाला.

मला बाग आठवत नाही.
खिडकीच्या गजांपलीकडे बाबा आठवतात,
जेवायला बोलवायला आलेले, बनियनवर.
काय लिहिलंय गं त्यात?
मी वाचून सांगितलं, तुझ्याजवळ काही नाही.
ते थोडं हसले.
मग सोडतील, म्हणाले,
आणि चल, कढी निवतेय.