चौथीचा वर्ग

पाटी कन्नडात. वाचता येत नाही असं नाही,
वाचायची नव्हती.
शहापुरातल्या पानवाल्याला विचारलं,
'इथं ते... हे कुठं भरतंय?'
चुना लावता लावता, मान न वळवता
त्यानं शाळेकडं बोट केलं.
म्हणजे मी पहिला नव्हतो.

गुडघे छातीला लागतील असे बाक.
फळ्यावर उद्याचा गृहपाठ.
बसाप्पा हमाल बोलला, कन्नडातच:
चोर्ला घाटातनं आणलेल्या बाटल्या,
बायकोचं माहेरी जाणं.
मला अर्धंच कळलं. बाकीचं माहीत होतं.

मग सगळे माझ्याकडं वळले.
'मी भरमा,' म्हटलं, आणि पुढचा शब्द
दोन्ही भाषांत घशात.
कुणी घाई केली नाही.

चहा आला. माझा हात बघून
बसाप्पानं कप अर्धाच भरला.