आलं का?

लॅमिंग्टन रोडवरून आणलं हे यंत्र, खोक्याशिवाय.
साबणाच्या डबीएवढं. रिमोटचं झाकण रबरबँडने बांधलेलं.
दुकानदार म्हणाला, ताई, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर
बाहेरच्या टीव्हीत दिसेल,
मध्ये भिंत असू दे नाहीतर डोंगर.
डोंगर तर आहेच आमच्याकडे.
टेंभीपाड्यात एकाचं छप्पर संपतं
तिथे दुसऱ्याची ओटी सुरू होते.

पप्पा खुर्ची पुढे ओढून बसलेत.
डबी उलटी केली, हुंगली, मागे बोट फिरवलं.
"वायर कुठाय?"
"नाही लागत."
"मग येतं कशातनं?"
"हवेतनं."
"आणि ही?"
"ही नुसती टीव्हीपर्यंतची."
"म्हणजे आहेच की वायर."

त्यांचंही बरोबर आहे.
सतरा वर्षं खांद्यावर काळं वेटोळं घेऊन
पत्र्यांवरून, शेवग्यावरून, बंद गिरणीच्या भोंग्याखालून
एकशे चाळीस घरांत त्यांनी शनिवारचा पिक्चर पोचवला.
जोडावर कावळा बसला तरी
मेस्त्रींच्या पडद्यावर मुंग्या.
असा माणूस हवेच्या नावाने
इतक्यात पावती फाडणार नाही.

टीव्हीवर गोल फिरतंय.
संगणक शोधत आहे.
संगणक सापडला: रिसेप्शन-२.
(दाताच्या दवाखान्यातला, जुना घेतलेला.
नाव बदलायचं राहून गेलं.)
बावीस कॅसेटी होत्या माळ्यावर, बुरशी धरलेल्या.
मुलुंडच्या एकाने पुसून, वाळवून भरून दिल्या आत.
कबड्डी फायनल. बालवाडीचं गॅदरिंग.
बाकी नाव नसलेल्या सात.

मी तिसरी लावली.

पुठ्ठा. त्यावर हिरव्या स्केचपेनने:
चावी सापडली आहे. पितळी. तीन दात.
ओळख सांगून नेणे.
मग दुसरा पुठ्ठा:
लिंबाचं लोणचं, बिनतेलाचं, बरणी आपली आणावी.
पुठ्ठ्याच्या कडेला एक अंगठा,
नखात हळद.
मागून आवाज, जरा कंटाळलेला,
"धरू का अजून?"
आणि पप्पांचा, चढा, काळ्या केसांचा आवाज,
"धर. दहा मोज."
एक. दोन. तीन.
चार.
पाच.
सहा

पुन्हा गोल.
लोणचं थांबलं, अंगठा थांबला.
पंखा तेवढा चालू.

मी सांगायला लागले की नेट नाही हे, घरातल्या घरातच आहे,
आतला कॉम्प्युटर जुना, दमतो,
पण पप्पा उठले होते.
गुडघ्यावर हात न ठेवता उठले.
"सिग्नल पडतोय," म्हणाले,
टीव्हीची वायर पुरली तेवढी डबी वर उचलली,
माझ्या हातात दिली.
"इथेच धर. हलवू नको."
आणि गॅलरीत जाऊन, कठड्यावर पोट टेकून,
खालच्या अख्ख्या उताराला विचारलं,

"आलं का?"

क्षणभर कोणी काही बोललं नाही.
मग सावंतीणबाई, तीन छपरं खालून,
"पाणी? नाय हो अजून!"
तरी कुणीतरी नळ उघडून बघितला.
एक बादली वाजली, मग दुसरी.
एक पोर पिंप घेऊन धावलं सुद्धा.
"नाय आलं, काका!"
"बघा परत," पप्पा ओरडले, "आता बघा!"

आत सात झालं.
आठ.
मी हाक मारणार होते त्यांना,
पण हाक मारायला वळले असते तर
हात हलला असता.
नऊ.