टेकडीपुरतं अक्षर

रियेकात, चौथ्या मजल्यावर,
बुरा वारा खिडकीच्या फटीत शीळ घालतो
आणि मी एका अक्षराला पाय लावत बसते.
किती पाय, ते नक्की होत नाही.
पोथीच्या छायाचित्रात एक पाय डागाखाली गेलाय.
तो डाग शाईचा, मेणाचा, की कुणा साधूच्या जेवणाचा,
हजार वर्षांनी कोण सांगणार.

कोळ्यासारखा ह, असं नाव पडलंय त्याला.
जाळं विणणारा कोळी.
जाळं टाकणारा म्हणजे माझा बार्तुलमामा,
तो आता मासे सोडून जर्मन पाहुण्यांना होडीतून हिंडवतो.

ग्लागोलित्सात रोजचा ह वेगळा आहे,
कुठेही बोलवा, येतो, राबतो, निघून जातो.
हा मात्र सापडतो
मोजून चार-पाचदा,
आणि दरवेळी त्याच एका शब्दाच्या दारात:
ह्लुम. टेकडी.
आता आम्ही हुम म्हणतो.
मधला ल कधीतरी उतारावरून घरंगळला,
कुणी आणायला खाली गेलं नाही.

एवढ्याशा शब्दासाठी एवढं नक्षीदार अक्षर का?
लिहिणाऱ्याला गावाकडची टेकडी आठवली असेल.
किंवा हात दुखत होता, आणि जरा खेळावंसं वाटलं.
मला दुसरं कारण जास्त पटतं.

संगणकाच्या लेखी तो २सी२२.
पत्ता केव्हाच मिळालाय त्याला,
दारावर नंबर, नकाशात जागा,
पण माझ्या फाँटात त्या नंबरावर अजून भिंत नाही.
ती मी बांधतेय, बिंदू बिंदू रोवून.
एक बिंदू ओढला की दुसरीकडचं वळण बिघडतं,
मग मागे, पुन्हा मागे, अकरा वेळा मागे.

बाबा हसतात यावर.
क्विरिन पाथरवट, द्रागा गाव, क्रक बेट,
साठ वर्षांत एक अक्षर पुसलेलं नाही.
चुकलं तर दगड पालथा घालतात,
आमच्या अंगणाची अर्धी फरशी अशीच झाली आहे.
चालताना तळव्यांखाली
कुणाकुणाची अर्धवट आडनावं असतात,
तोंड खाली करून.

गुरुवारी रात्री मी त्यांना तो ह पाठवला.
बघा, झाला बहुतेक.
फोन जुना, काचेला तडा,
त्याला माझ्या फाँटाची काय खबर.
उत्तर आलं, एका बोटानं टाइप केलेलं:
चौकट आली. आत काही नाही.

मी समजावलं:
ज्या अक्षराचा आकार यंत्राकडे नसतो
त्याच्या जागी ते रिकामा डबा दाखवतं.
अक्षर पोचलंय, बाबा,
फक्त दिसत नाही.
यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही.
मला वाटलं, झोपले.

रविवारी पूल ओलांडून बसनं गेले.
शेडमागे, अंजिराखाली,
पांढऱ्या चुनखडीचा एक दगड उभा,
त्यावर कोरलेली चौकट.
चार कडा, काटकोन असे की नख लावावं,
बोटभर खोल,
आणि आत गुळगुळीत, कोरं.

हे काय?

तू पाठवलंस ते.

मी हसले, मग हसता येईना.
चौकट कोरी आली होती, म्हणून त्यांनी ती कोरली.
त्यांच्या हाताला या दोन शब्दांत
फार अंतर वाटत नाही.

आई आतून ओरडली, सूप निवतंय.
बाबांनी चौकटीतली धूळ फुंकली,
अंगठा तिच्या मधोमध फिरवला,
जणू तिथे काही लागेल हाताला.
म्हणाले,
पाय किती ते ठरलं की सांग.
घाई नाही.
जागा ठेवली आहे.