अठ्ठाविसावा मजला, शुद्ध शाकाहारी

पेडर रोडच्या त्या इमारतीत
लसूणसुद्धा दबकत वर चढायचा.
मी स्वयंपाकाला, देलिया बाबाला सांभाळायला.
मालकीणबाई तिला डेली म्हणत, मला महाराजीण.
दोघीही ओ द्यायचो.

पहिल्याच दिवशी तिने मागितला साबोन.
मी बोट दाखवलं बालदीकडे.
"बाल्दे!" म्हणाली, आणि हसत सुटली.
म्हटलं, हे तर आमचे शब्द.
ती म्हणाली, आमचे.
बाबाची मास्तरीण सांगत होती,
शेजारशेजारच्या दोन राजांची गलबतं होती ती,
एक तुमच्याकडे, एक तिच्याकडे.
साबण ठेवून गेली.
बाकीचं घेऊन गेली.

तिचं आडनाव रिकाफोर्त.
तिच्या गावात सगळ्यांचीच आडनावं 'र'वरून.
कुणा साहेबाने म्हणे नावांची वही फाडून वाटली,
या गावाला हे पान, त्या गावाला ते.
मी जरा ताठ बसून म्हटलं, मी पेंडूरकर. पेंडूर गाव आहे.
"तुझं?"
नवऱ्याचं. मी दोनदा पाहिलंय.
"मग तुलाही पानच मिळालं," ती म्हणाली,
आणि वाटाणे सोलत राहिली.

अळूवरून मात्र भांडण झालं.
तिच्याकडे नारळाच्या दुधात शिजवतात,
आणि शिजेपर्यंत डाव लावायचा नाही,
ढवळलं की घसा खाजतो.
मी म्हटलं, खाजतं ते चिंच नसते म्हणून.
तिने माझा हात धरून ठेवला पातेल्यावर,
वीस मिनिटं, घड्याळ लावून.
नाही खाजलं.
पण दोघींनाही कळलं काय कमी आहे ते.
नाव कुणी घेतलं नाही. त्या स्वयंपाकघरात
नावालाही वास येतो.

भाताची मूद ती वर निमुळती करायची,
टोकाला बोटाने खळगा.
"हा आमचा डोंगर. धूर येतो त्यातून."
वाफ निवेपर्यंत बघत बसायची, मग जेवायची.

बाबा आजोबांना "ओपो" म्हणायला लागला.
घरातल्यांना वाटलं, बोबडं बोलतोय.
मला माहीत होतं, तो "होय जी" म्हणतोय.
त्या घरात आजोबांना जी लावणारा तो एकटाच.

तिची स्वतःची पोरगी तेरा वर्षांची, मावशीकडे.
कोठीच्या खोलीत एक खोका भरत असायचा
वर्षभर: साबण, चॉकलेटं,
बाबाला आखूड झालेले कपडे शेजारच्या पोरांसाठी.
"सरकार आम्हाला वीर म्हणतं," ती एकदा म्हणाली.
"विमानतळावर वेगळी रांग असते."
भराभर सरकते?
"नाही."

करार संपला त्या रविवारी तिला शिवडीला नेलं,
माझ्या खोलीवर. दार उघडं टाकून
सुकट भाजली, मग बोंबील.
ती तव्यावर वाकून डोळे मिटून उभी,
मी विचारलं, धूर लागला का?
काही बोलली नाही.
अळू होतंच. त्यात मूठभर सुकट सोडली.
ढवळलं नाही. चिंचही घातली.
शेजारची शेवंती ताटली घेऊन आली,
खाऊन म्हणाली, ही कुठची गं?
मी म्हटलं, आमच्या तिकडची.
चुकून म्हटलं. मग तसंच राहू दिलं.

निघताना ती वाकली.
मी सवयीने पाय मागे घेतले,
असू दे गं, असू दे.
पण ती पायांकडे गेलीच नाही.
माझा उजवा हात उचलला, उलटा केला,
आणि कपाळाला टेकवला.
बोटांना बोंबलाचा वास. मी हात ओढत होते,
थांब, धुऊन येते.
ती सोडेना.

सोमवारी लिफ्टमनने नाक मुरडून बघितलं.
अठ्ठाविसाव्या मजल्यावर बाबा दाराशी उभा,
माझ्यामागे कोण येतंय ते बघत.
त्याने माझा हात धरला.
मी काही शिकवलं नव्हतं.